उशिरा पाण्यात उतरलेल्यांचे वकीलपत्र

आपल्या राज्यातील क्रीडाखात्याचे दप्तर उघडून पाहिले, तर मनुष्य चौदा, सतरा आणि एकोणीस या तीन वयोमर्यादांच्या आतच खेळतो अशी कोणाचीही समजूत व्हावी. शालेय स्पर्धांचे गट याच तीन आकड्यांवर मुक्रर झालेले, त्या स्पर्धांतील कामगिरीवर दहावी-बारावीच्या परीक्षेतले सवलतीचे गुण अवलंबून, आणि त्याच वाटेने चिकाटीने पुढे गेल्यास शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी राखलेल्या पाच टक्के जागांवर हक्क सांगण्याची सोय. हा व्यवहार पुरा झाला की खेळाडूचे नाव हजेरीपटावरून उतरते, आणि पुढील चाळीस-पन्नास वर्षे तो प्रेक्षक, देणगीदार किंवा बक्षीससमारंभाचा प्रमुख पाहुणा या नात्यानेच काय तो मैदानाजवळ येतो. ज्याचे नाव त्या पटावर कधी चढलेच नव्हते, त्याची तर गोष्टच सोडा.

आर्णीच्या तहसील कचेरीतील एखाद्या अव्वल कारकुनाने, बाजारातील एखाद्या कापसाच्या व्यापाऱ्याने, किंवा मुलांची लग्ने उरकून मोकळ्या झालेल्या एखाद्या शिक्षिकेने पन्नाशीच्या उंबरठ्यावर असा मनोदय प्रकट केला, की मी आता पोहण्याच्या शर्यतीत उतरणार आणि दरवर्षी माझी वेळ काही सेकंदांनी कमी करणार, तर ‘आता या वयात कायले जी?’ हा प्रश्न घरातून, कचेरीतून आणि चहाच्या टपरीवरून एकाच दिवशी येईल. विचारणाऱ्यांच्या मनात आकस नसतो. वेग ही तारुण्याची मिरास आहे, आणि उतारवयात माणसाने फार तर प्रकृतीपुरते हातपाय हलवावेत, अशी त्यांची प्रामाणिक धारणा असते. पाण्यापुरती ही धारणा फारच थोडी खरी आहे, आणि उशिरा उतरलेला जलतरणपटू ज्या कारणांनी मागे राहतो त्यांतील बहुतेक त्याच्या देहात नसून गावाच्या व्यवस्थेत आहेत, हे मला येथे मांडावयाचे आहे.

आर्णीकरांना पाणी अपरिचित आहे असे मुळीच नाही. वाशीम जिल्ह्यातून येणारी, दिग्रसजवळ धरणात अडणारी आणि पुढे पैनगंगेस मिळणारी अरुणावती या गावाला वळसा देऊन जाते. तिच्या डोहांत आणि शिवारातल्या विहिरींत, कमरेला दोर आणि पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहणे शिकलेल्या पुरुषांची एक पिढी अद्याप हयात आहे. काठावरून मुटका मारावा, तळ गाठून मूठभर गाळ वर आणून दाखवावा, चार गटांगळ्या खाव्या आणि पाचव्या दिवशी भोपळा सोडून द्यावा, असा तो अभ्यासक्रम होता, आणि त्याची परीक्षा एकच होती: मनुष्य बुडतो की तरतो. त्या विद्येचा मान मी यत्किंचितही कमी करू इच्छीत नाही, कारण तिने अनेकांचे प्राण वाचविले आहेत. परंतु तरणे आणि शर्यतीत पोहणे या दोन विद्यांमध्ये जे अंतर आहे, ते पाण्यात पडले की पोहता येते या आपल्या लाडक्या म्हणीने फार काळ झाकून ठेवले आहे. विहिरीत पोहणारा मान उंच ठेवतो, कारण त्याला काठ पाहावयाचा असतो आणि श्वास सोडावयाचा नसतो. मान उंच झाली की कंबर खाली जाते, कंबर खाली गेली की पाय बुडतात, आणि मग तो सबंध देह पाण्यावरून न सरकता पाण्याला छाती देऊन पुढे रेटला जातो. पंधरा हात रुंदीच्या विहिरीत याने काही बिघडत नाही. पंचवीस मीटरांच्या तलावात चौथ्या फेरीला मात्र असा पट्टीचा पोहणारा कठडा धरून उभा राहतो, आणि धाप लागल्याचा दोष आपल्या वयाच्या माथी मारतो.

हा दोष वयाचा नव्हे, हे पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक नियमांवरून सिद्ध होते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे. त्यात पुढे सरकणाऱ्या देहाला होणारा प्रतिरोध साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या प्रतिरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. याचा अर्थ असा, की केवळ जोर वाढवून वेग दहा टक्क्यांनी वाढवू पाहणाऱ्यास सुमारे एकतृतीयांश अधिक शक्ती खर्चावी लागेल. आणि पन्नाशीच्या गृहस्थापाशी इतकी शक्ती शिलकीत नसते, हे त्याच्या टीकाकारांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु त्याच गृहस्थाने मस्तक पाण्यात टेकवून नजर तळाकडे लावली, श्वास पाण्यातच सावकाश सोडण्याची सवय केली आणि कंबर पृष्ठभागाशी आणली, तर त्याचा देह पाण्याला जो आडवा छेद देतो तो इतका कमी होतो, की जुन्याच शक्तीत नवा वेग मिळतो. धावण्यात किंवा वजन उचलण्यात प्रौढ नवशिक्याला ही सवलत नाही. जलतरणात सुधारणेचा पहिला आणि सर्वांत मोठा हप्ता असा बळाच्या खात्यातून वजा न होता उधळपट्टी थांबवून वसूल होतो, आणि उधळपट्टी थांबविणे हे प्रौढांना तरुणांहून अधिक जमावे असे मानण्यास जागा आहे.

अर्थात काही गोष्टी उशिरा येणाऱ्याच्या खरोखरच विरुद्ध जातात, आणि त्या लपवून वकीलपत्र चालविणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. जमिनीवर आयुष्य काढलेल्या माणसाचे घोटे ताठर असतात. पाय मारताना त्याचे पाऊल मागे वळत नाही, आडवे उभे राहते, आणि मग ते पाय त्याला पुढे नेण्याऐवजी होडीच्या नांगराप्रमाणे मागे ओढतात. खांदेही आखडलेले असतात, त्यामुळे हात पुढे लांबविताना कोपर खाली पडते आणि ज्या अग्रबाहूने पाणी मागे ढकलावयाचे तो पाण्यातून नुसता निसटतो. यांवर उपाय आहेत, पण ते मंद आहेत: घोट्यांचे ताण, खांद्यांचे ताण, एका हाताने पोहणे, एका कुशीवर तरंगत पाय मारणे, प्रत्येक फेरीत किती हात पडले हे मोजणे, आणि हातांची संख्या वाढू न देता वेग वाढविण्याचा प्रयत्न करणे. खांदा दुखावणे हा या खेळाचा नित्याचा रोग असल्याने अंतर हप्त्याहप्त्याने वाढवावे लागते, आणि चाळिशी उलटलेल्याने आरंभीच हृदयाची तपासणी करून घ्यावी हे तर सांगावयासही नको. परंतु या सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच आहे. पाण्यात असलेल्या माणसाला आपला देह दिसत नाही. आपले कोपर उंच आहे असे त्यास शपथेवर वाटत असते, आणि काठावरून पाहणारास ते तळाकडे गेलेले दिसत असते. म्हणून मुलाला धाक घालणाऱ्या शिक्षकाची गरज असेल नसेल, प्रौढाला पाहणाऱ्या शिक्षकाची गरज नितांत असते. आणि आपल्या बहुतेक तलावांवर नेमलेल्या मनुष्याची जबाबदारी कोणी बुडू नये एवढ्यापुरतीच मर्यादित असते.

शिक्षकाच्या खालोखाल घड्याळ. उशिरा शिकणाऱ्यांपैकी अनेकजण रोज त्याच गतीने तितक्याच फेऱ्या मारून घरी जातात, आणि वर्ष उलटल्यावर वेळ तसूभरही कमी झाली नाही म्हणून खट्टू होतात. जाणकार प्रशिक्षक यावर एक साधा हिशेब सांगतात. एके दिवशी चारशे मीटर आणि दोनशे मीटर ही दोन अंतरे पूर्ण जोराने पोहून वेळ नोंदवावी. समजा, चारशेला आठ मिनिटे लागली आणि दोनशेला तीन मिनिटे पंचेचाळीस सेकंद; दोहोंतील फरक दोनशे मीटरांस चार मिनिटे पंधरा सेकंद, म्हणजे शंभर मीटरांस सुमारे दोन मिनिटे आठ सेकंद. ही त्या व्यक्तीची टिकाऊ गती. सरावाचा मुख्य भाग याच गतीने, शंभर-शंभर मीटरांच्या तुकड्यांत, मध्ये दहा-पंधरा सेकंदांची विश्रांती घेऊन करावा, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रुजवात घालावी. खतावणी लिहिणाऱ्या माणसाला हा प्रकार तारुण्याच्या मस्तीत पोहणाऱ्या मुलापेक्षा लवकर पटतो, असे माझे निरीक्षण आहे.

शर्यतीच्या नियमांतही प्रौढांना वाटते त्यापेक्षा अधिक औदार्य आहे. अमेरिकेच्या नौदलातील वैद्य डॉ. रॅन्सम आर्थर यांनी पुढाकार घेऊन १९७० साली टेक्सासमधील अमारिलो येथे प्रौढांची पहिली राष्ट्रीय जलतरण स्पर्धा भरविली, आणि १९८६ साली टोकियोला प्रौढांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. या पद्धतीत पंचविसाव्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला धरतात. त्यामुळे एकोणपन्नास वर्षांचा स्पर्धक पन्नाशी कधी लागते याची वाट पाहत बसतो, कारण येत्या जानेवारीपासून तो आपल्या गटातला सर्वांत धाकटा ठरणार असतो. वाढदिवसाने मनुष्य खरोखर आनंदित व्हावा अशी व्यवस्था मानवी संस्थांत दुर्मीळ आहे. कठड्यावरून सूर मारणे जमत नसेल तर पाण्यातूनच भिंतीला रेटा देऊन आरंभ करण्याची मुभा आहे. फुलपाखरू प्रकारात मासोळीसारखे पाय मारता येत नसतील तर बेडकासारखे मारलेले चालतात. आणि चौघांच्या साखळी शर्यतीत गट चौघांच्या वयाच्या बेरजेवर ठरत असल्याने सत्तरीचा आजोबा हा संघाचा भार न होता भांडवल होतो. एक गोष्ट मात्र मुलांप्रमाणे प्रौढांनाही तितक्याच कडकपणे लागू आहे: छातीवरच्या पोहण्यात आणि फुलपाखरात वळताना व संपविताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. विहिरीत शिकलेला मनुष्य एका हाताने काठ धरतो आणि जिंकलेली शर्यत बाद करवून घेतो.

आता वयाने घट होतेच, हे खरे, परंतु किती? हिरोफुमी तानाका आणि डग्लस सील्स या संशोधकांनी अमेरिकेतील प्रौढ जलतरणपटूंच्या वेळांचा जो अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला, त्यात पंधराशे मीटरांची वेळ पस्तिशीपासून सुमारे सत्तरीपर्यंत हळूहळू, एका सरळ उतारावरून घसरते आणि तीव्र उतरण त्यानंतर लागते असे आढळले. हा उतार, लक्षात घ्यावे, शिखरावर जाऊन आलेल्यांचा आहे. जो पायथ्याशीच उभा आहे, त्याची चढण त्या उतारापेक्षा कितीतरी अधिक असते, आणि दोहोंची वजाबाकी करता बरीच वर्षे त्याच्या पदरात सुधारणाच पडते. जपानच्या यामागुची प्रांतातील मिएको नागाओका या बाई गुडघ्याच्या दुखण्यावर उपाय म्हणून वयाच्या ऐंशीच्या आसपास पोहू लागल्या. १९१४ साली जन्मलेल्या या बाईंनी २०१५ मध्ये, शंभराव्या वर्षी, पंचवीस मीटरांच्या तलावात पंधराशे मीटर अंतर उताण्या पोहत एक तास पंधरा मिनिटे चोपन्न सेकंदांत पुरे केले, आणि त्या वयात ते करणारी पहिली व्यक्ती म्हणून त्यांची नोंद झाली.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली आणि कमरेखालचा देह निकामी झाला. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहण्याचा सराव आरंभिला, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमी वेळेने सुवर्णपदक मिळविले. भारताचे त्या स्पर्धांतील ते पहिले सुवर्णपदक. त्यावेळी ते सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते. हे वय मोठे नव्हे असे कोणी म्हणेल, परंतु या खेळात मुले सहाव्या-सातव्या वर्षी तलावात उतरतात, आणि पेटकरांनी एक खेळ गमावून दुसरा नव्याने, पायांच्या मदतीवाचून, उभा केला हे विसरता कामा नये. शासनाला पद्मश्री देण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले. दिरंगाईचा आरोप करावयाचा तो कोणावर, हे वाचकांनी ठरवावे.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे वीरधवल खाडे यांचे. ते उशिरा शिकलेल्यांपैकी नव्हेत, तथापि आर्णीच्या अव्वल कारकुनाला त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटावा असे कारण आहे: २०१० च्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर फुलपाखरू प्रकारात कांस्यपदक मिळविलेल्या या खेळाडूस राज्य शासनाने तहसीलदार नेमले, आणि महसुलाच्या कामकाजात त्यांची काही वर्षे पाण्यापासून दूर गेली. ते परत आले आणि २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर मुक्त शैलीच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांची राष्ट्रीय विक्रमाची वेळ देऊन अंतिम फेरीत एक शतांश सेकंदाने कांस्यपदकास मुकले. सातबाऱ्याच्या नोंदी, टंचाईच्या बैठका आणि निवडणुकीचा बंदोबस्त यांतून उठून मनुष्य पुन्हा तलावात उतरू शकतो, याचा यापेक्षा चांगला दाखला कचेरीतील मंडळींना कोठे मिळावयाचा?

स्त्रियांचा प्रश्न मात्र निराळा आणि अधिक जुना आहे. डोह आणि विहीर मुलांची होती. मुली काठावर धुणे धूत आणि भावाला बुडताना पाहिले तर ओरडत. त्यामुळे आर्णी परिसरातील चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांपैकी पोहणे येणाऱ्या विरळा, आणि ज्या शिकू इच्छितात त्यांना पोशाखापासून वेळेपर्यंत प्रत्येक गोष्टीची परवानगी कोणाकडून तरी काढावी लागते. गंमत अशी, की विसरावयाचे काहीच नसल्यामुळे याच शिष्या विहिरीत तयार झालेल्या पुरुषांपेक्षा पुष्कळदा शुद्ध पोहू लागतात. श्वास सोडा म्हटले की सोडतात, मान खाली म्हटले की खाली घालतात. त्यांच्यासाठी आठवड्यातून एखादा दिवस ‘महिला वेळ’ अशी पाटी लावून भागणार नाही. रोजचा मुक्रर तास आणि शिक्षिका हवी.

आता सर्वांत मोठा आणि सर्वांत न्याय्य आक्षेप. ज्या जिल्ह्यात वैशाखात विहिरी तळ दाखवितात आणि टँकरची वाट पाहिली जाते, तेथे पोहण्यासाठी पाणी मागणे हा उद्धटपणा नव्हे काय? हिशेब मांडून पाहू. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोल असा तलाव एकवार भरण्यास सुमारे चार लाख सदतीस हजार लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे चव्वेचाळीस टँकर. हे पाणी रोज बदलावयाचे नसते. वाळूच्या गाळणीतून फिरवून आणि क्लोरिनने शुद्ध करून तेच वापरावयाचे असते. त्यात रोजची घट बाष्पीभवनाची आणि गाळणी धुण्याची. उन्हाळ्यात पृष्ठभागावरून दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले असे धरले तरी सुमारे तीन हजार लिटर जातात. ही रक्कम टंचाईच्या दिवसांत लहान नाही, आणि म्हणूनच टंचाई जाहीर झालेल्या वर्षी चैत्रापासून मृग लागेपर्यंत तलाव पोहणाऱ्यांसाठी बिनतक्रार बंद ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे नेमके उलटे घडते: तलाव उन्हाळी सुटीत मुलांच्या गर्दीसाठी उघडतात आणि पाऊस पडून पाणी मुबलक झाले की ओस पडतात. प्रौढांचा हंगाम आषाढापासून माघापर्यंतचा असावा. पाणी तेव्हाच असते. शेतकऱ्यांना कापूसवेचणीच्या दिवसांत येणे जमणार नाही हे मान्य, पण शिक्षक, दुकानदार, कर्मचारी आणि निवृत्त मंडळी यांना ते महिने मोकळे आहेत. शिवाय मालवणच्या चिवला किनाऱ्यावर हिवाळ्यात जी सागरी जलतरण स्पर्धा भरते, तीत वयस्कांनाही स्थान असल्याने पावसाळाभर केलेल्या सरावाला एक ठरलेले गंतव्य मिळते. विदर्भाच्या या टोकापासून मालवण दूर आहे खरे, परंतु पंढरपूरही दूरच आहे आणि लोक तेथे पायी जातात.

तालुका क्रीडा संकुलांची योजना राज्यात अनेक वर्षे अमलात आहे, आणि तिच्या समित्यांवर आमदार आणि तहसीलदार हे दोघेही असतात. त्यांच्यापुढे ठेवण्यासारखी मागणी फार खर्चिक नाही. जेथे तलाव बांधावयाचा तेथे तो कोनाड्याकोपऱ्यांचा शोभेचा हौद न बांधता सरळ भिंतींचा आणि नेमका पंचवीस मीटरांचा बांधावा. पहाटे साडेपाच ते सात आणि रात्री आठनंतरचा एक तास प्रौढांच्या नावे दप्तरी नोंदवावा. जीवरक्षकाखेरीज एक शिकविणारा नेमावा आणि त्याच्या वेतनाची तरतूद वार्षिक अंदाजपत्रकातच करावी. आणि पाण्यातून दिसेल असे सेकंदकाट्याचे मोठे घड्याळ भिंतीवर लावावे. ठेकेदाराचे देयक मंजूर करण्यापूर्वी दोन्ही भिंतींमधील अंतर प्रत्येक पट्ट्यात वेगवेगळे मोजून घ्यावे, कारण शर्यतीचा तलाव किंचित जास्त लांब भरला तर चालतो, एका मिलिमीटरनेही कमी भरलेला चालत नाही, आणि गिलाव्यावर फरश्या चढविताना ही कसर नेमकी तेथेच लागते.